नळीला बांधलेला उजेड

आमच्या कडा गावात फौजेतून पेन्शनीवर आलेला प्रत्येक माणूस ‘मेजर’ असतो. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण एसटी स्टँडपासून बाजार समितीच्या गेटापर्यंत मला हवालदार म्हणणारा कुणी भेटलेला नाही. ते बरंच आहे म्हणा, कारण गावात हवालदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोलीस ठाणं येतं. मेजर म्हटल्यावर मात्र एक समजूत पक्की असते, की या माणसाला बंदुकीतलं सगळं कळतं. माझ्या बाबतीत ती अर्धी खरी आहे. नेमबाज म्हणून मी पलटणीत मधल्या फळीतला. पण कोतमध्ये, म्हणजे कंपनीच्या हत्यारांच्या खोलीत, माझी बरीच नोकरी गेली. हत्यारं मोजून द्यायची, मोजून घ्यायची, नंबर ताडायचे, नळीतून चिंदी फिरली की नाही ते बघायचं. रायफलीच्या पोटात काय बिघडलं ते आर्मरर बघायचा. तिच्या अंगावर बाहेरून काय लटकतं आणि काय बांधलंय, ते माझ्याकडे.

नव्या रंगरुटाला वाटतं, पट्टा हा रायफल खांद्याला अडकवायला असतो. ते त्याचं सगळ्यात किरकोळ काम.

१९९६ साली बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री सेंटरमध्ये माझ्या हातात आली ती ७.६२ची एसएलआर. भरलेली मॅगझीन धरून पाच किलोच्या आसपास. तिची सिलिंग, म्हणजे हाच पट्टा, परेडच्या दिवशी कडक ताणलेली लागायची. उस्ताद रांगेतून जाताना बोटाने ती छेडून बघायचा आणि ढिली निघाली तर रगडा. तीच सिलिंग रानात गेलं की सोडायची, कारण तिथे तिच्यात हात घालायचा असतो. फायरिंग रेंजवर पालथं पडायचं, डावा दंड पट्ट्याच्या फेऱ्यात घालायचा, पट्टा मनगटामागून घेऊन पंजा पुढच्या लाकडाखाली सरकवायचा. हे एकदा नीट जमलं की रायफलीचं ओझं स्नायूंवरून उतरून हाडांवर जातं. फोरसाइटचं टोक श्वासाबरोबर वरखाली होतं, पण डावी-उजवीकडे भटकत नाही.

१ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. भरतीची तयारी करणारी आमची पोरं ती फायनल मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघत होती. त्यातल्या एकाने बरोबर विचारलं, “मेजर, ह्याच्या दंडाला पट्टा होता, उभा राहिल्यावर का सोडला?” नियमच तसा आहे. गुडघ्यावर आणि पालथं पडून पट्टा चालतो, उभ्याने चालत नाही. तिथे नुसत्या शरीरावर रायफल तोलायची, म्हणून त्या खेळात उभ्याचे गुण सगळ्यात महाग. कुसाळेची रायफल आणि आमची रायफल यांत काही साम्य नाही, पण दंडाचं गणित एकच.

याच पट्ट्याचा एक उपद्रवही आहे. एसएलआरची पुढची कडी नळीच्या अंगाशी असते. दंडाने पट्टा जोरात खेचला की नळी केसभर ओढली जाते, आणि लांबच्या टार्गेटवर गोळ्यांचा ग्रुप सरकतो. उजव्या हाताच्या माणसाचा बहुतेक वेळा खाली आणि डावीकडे. म्हणजे पट्टा सैल ठेवून झिरो केलेली, म्हणजे नेम जुळवून घेतलेली, रायफल पट्टा ताणून चालवली, तर ती दुसरीच रायफल होते. कोतमध्ये तक्रार यायची, “उस्ताद, फोरसाइट हिल गया.” मी बघावं तर फोरसाइट जागेवर. पट्ट्याचं बक्कल मात्र दोन इंच सरकलेलं. जवान सुट्टीवर गेलेला असतो, दुसऱ्या कुणीतरी ती रायफल गार्डला वापरलेली असते, त्याने आपल्या मापाने पट्टा ओढून घेतलेला असतो. तेव्हापासून प्रत्येकाच्या पट्ट्यावर बक्कल कुठे येतं तिथे मी आतल्या बाजूने मार्करची रेघ ओढायला लागलो. आर्मरर हसायचा, पण नंतर दुसऱ्या कंपनीच्या कोतमध्येही तशा रेघा दिसायला लागल्या.

लांबीचं म्हणाल तर पट्टा बैलाच्या कासऱ्यासारखा. फार सोडला तर पायात येतो, फार आखडला तर बैलाला मान वळवता येत नाही. आणि कडीचा आवाज! दिवसा तो ऐकूही येत नाही. रात्रीच्या गस्तीत, वारा पडलेला असताना, लोखंडी कडी लोखंडावर आपटली की सगळा सेक्शन दात आवळतो. त्याला उपाय म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद गोल कापं. ती कडीवर चढवून ठेवायची, वर काळी टेप. ट्यूबची असली कापं माझ्या खिशात कायम असायची.

काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सच्या तैनातीत गेलो तेव्हा पट्ट्याला आणखी एक काम लागलं. गर्दीत, बाजारात, नाक्यावर जवानाच्या हातून हत्यार हिसकावून न्यायचे प्रकार तिथे होत असत. त्यामुळे पट्ट्याच्या जोडीला एक साखळी किंवा जाड दोरी रायफलीपासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत. आता ही साखळी गाडीतून उतरताना दाराच्या हँडलात अडकते, शिडी चढताना गुडघ्यात येते, झुडपात तर विचारूच नका. तिची लांबी एवढीच हवी की रायफल खांद्याला लागावी आणि खाली सोडली तर बुटापर्यंत पोचू नये. ही लांबी कागदावर ठरत नाही. माणसाला शस्त्र घेऊन बसवायचं, उठवायचं, पळवायचं, गाडीत चढवायचं, आणि मग गाठ मारायची.

दिव्याचा प्रश्नही तिथलाच. हातात एके-४७. रात्री गावाला घेरा पडायचा, पहाटेच्या आधी घरांची तलाशी सुरू व्हायची. तिकडची जुनी घरं आम्हाला नवीन होती: खाली गुरांची जागा, वर माणसं, त्याच्या वर छपराखाली गवत भरलेलं. वीज असेल-नसेल. एका हातात टॉर्च आणि एका हातात एके, हे चित्र सिनेमात बरं दिसतं. एका हाताने धरलेल्या एकेची दुसरी गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. म्हणून टॉर्च रायफलीला बांधायचा.

आज सांगताना हसू येतं, पण सुरुवातीला ते काम टेप आणि ट्यूबवर चालायचं. बाजारातला दोन सेलचा टॉर्च, पुढच्या लाकडी हँडगार्डला ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेला, वर इन्सुलेशन टेप. एकेचा गॅस वरच्या नळीतून जातो, त्यामुळे एक-दोन मॅगझीन झाली की हँडगार्ड तापतो आणि टेपचा डिंक पातळ होऊन टॉर्च घसरायला लागतो. ट्यूब टिकते, टेप टिकत नाही. मग धक्क्याचा त्रास. प्रत्येक गोळीला आतले सेल मागे-पुढे आपटतात, स्प्रिंग दबते, दिवा लुकलुकतो. जुन्या तारेच्या बल्बची तार तर तुटतेच. सेलच्या बाजूने पुठ्ठ्याचा तुकडा गुंडाळून घट्ट केले की लुकलुकणं थांबायचं. एलईडी आल्यावर तार तुटायचा प्रश्न मिटला, सेल आपटायचा मिटला नाही.

कुठे बांधायचा यावरही वाद व्हायचे. नळीच्या खाली बांधला तर नळीची सावली वर पडते, आणि जिन्याखालून वर बघताना नेमकं तिथेच बघायचं असतं. उजवीकडे बांधला तर भिंतीच्या डाव्या कोपऱ्यातून डोकावताना उजेड आधी भिंतीवर आदळतो आणि आपलेच डोळे दिपतात. फार मागे बांधला तर हातच आड येतो. फार पुढे नेला तर काच काजळीने काळी होते आणि रायफलीचं नाक जड होतं. मी शेवटी डावीकडे, हँडगार्डच्या पुढच्या टोकाशी, अंगठा पोचेल असा बांधायला लागलो. ते सगळ्यात चांगलं होतं असा माझा दावा नाही. सगळ्यात कमी वाईट होतं. आणि बांधून झाल्यावर निदान पाच गोळ्यांचा ग्रुप टार्गेटवर बघितल्याशिवाय हत्यार द्यायचं नाही, हा हट्ट. पाव किलो लोखंड नळीजवळ टांगलं की गोळी कुठे लागते त्यात फरक पडू शकतो. तो पडला की नाही हे रेंजवर कळलेलं बरं.

घातीला बसताना वेगळीच भीती. बटण चुकून दाबलं जाऊन दिवा लागला, तर एका माणसाची नाही, सगळ्यांची जागा उघडी पडते. म्हणून निघताना टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेवायचा. बटण कितीही दाबलं तरी उजेड नाही. काम सुरू व्हायच्या आधी, आडोशाला, तो सरळ करायचा. हे मी शोधलेलं नाही, मला एका गढवाली नायकाने शिकवलं.

पण खरी गोष्ट मला एका घरातच कळली. खालच्या गोठ्यात मी आणि दुसरा एक जवान. गाईच्या उच्छ्वासाची वाफ उजेडात दिसत होती. गवताच्या भाऱ्यामागे काहीतरी हललं, मी अंगठा दाबला, आणि उजेडाच्या गोल ठिपक्यात एक म्हातारी आणि तिच्या फिरनला चिकटलेलं पाच-सहा वर्षांचं पोर. पोर डोळे मिटून घेत होतं. माझं बोट ट्रिगरच्या बाहेर होतं, सेफ्टी वर होती, सगळं नियमाने. पण त्या पोराच्या कपाळावर उजेड पडला होता तिथेच माझी नळी होती. कारण टॉर्च नळीला बांधलेला. बघायचं म्हटलं की नेम धरायचा. दुसरा मार्गच त्या बांधणीने ठेवला नव्हता.

यावर इलाज आहे, आणि नीट शिकलेले लोक तो करतात. उजेड समोर न टाकता जमिनीवर किंवा छतावर टाकायचा. चुन्याने रंगवलेलं छत असेल तर सगळी खोली मंद उजळते, माणूस ओळखू येतो आणि नळी कुणाच्याही अंगावर नसते. गोठ्यात काळं पडलेलं छत असेल तर जमिनीवर, त्याच्या पायांपुढे दोन हात. त्यानंतर मी टॉर्च बांधून देताना बटणाआधी हे सांगायचो. काहींना पटायचं. काहींना वाटायचं, कोतवाल्याने पट्टे मोजावेत.

पुढे सगळं बदललं. अमेरिकेतल्या पिकाटिनी शस्त्रागाराच्या नावाने ओळखली जाणारी पट्टी १९९५ साली तिथल्या लष्कराने प्रमाण ठरवली: सव्वापाच मिलिमीटरच्या खाचा, दर दहा मिलिमीटरला एक. या खाचांत दिवा, दुर्बीण, मूठ, काहीही बसवा, कसा, काढा, परत त्याच खाचेत बसवा. भारताने फेब्रुवारी २०१९मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला, त्यांच्यावर ही पट्टी कारखान्यातूनच आलेली. माझा पुतण्या फौजेत आहे. तो सुट्टीत आला की सांगतो, काका, आता ट्यूब-बिब काही लागत नाही. चांगलंच आहे. स्क्रू कसल्यावर त्याच्या डोक्यापासून पट्टीवर रंगाची एक बारीक रेघ ओढ, रेघ तुटली की स्क्रू फिरला समज, एवढं मी त्याला सांगितलं. ते त्याला आधीच माहीत होतं.

रायफलीला टॉर्च बांधणं तसं नवं नाही. शिकारी जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो १९२६च्या मे महिन्यात, आंब्याच्या झाडावर बसून, रायफलीवरच्या टॉर्चच्या उजेडात. सरकारी नोंदीप्रमाणे त्या बिबट्याने सव्वाशे माणसं मारली होती. टॉर्च क्षणभर लागला, गोळी सुटली, टॉर्च विझला. बिबट्या मेला की नाही हे कळायला कॉर्बेटला उजाडेपर्यंत झाडावर बसावं लागलं. हे वाचून लोकांना कॉर्बेटचा नेम आठवतो. मला तो विझलेला टॉर्च आठवतो. धक्क्याने सेल हलले असतील की सेलच संपत आले होते, कुणास ठाऊक. पण एक लक्षात घ्या: खाली रस्त्यावर माणूस येणार नाही, बांधलेल्या शेळीजवळ आलेलं ते जनावरच, हे धरून तो बसला होता.

आमच्याकडे २०२०च्या नोव्हेंबरात तसं काहीच धरून चालता येत नव्हतं.

तेव्हा मी एका बँकेत गनमॅन होतो, स्वतःच्या लायसनची बारा बोअर. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आष्टी तालुक्यात सुर्डी, किन्ही, पारगाव जोगेश्वरी, असे लागोपाठ तीन बळी बिबट्याने घेतले. त्यात एक लहान पोरगा. वनखात्याचे पिंजरे लागले, माणसं आली, अंधार पडायच्या आत घरात जा म्हणून गावोगाव सांगणं झालं. पण कांदा, गहू, हरभरा रानात उभा, आणि थ्री फेज लाइट रात्रीची. रात्री लाइट म्हणजे रात्री पाणी, आणि रात्री पाणी म्हणजे कुणीतरी दारं धरायला जाणार. बरीच घरं ऊसतोडीला गेलेली, मागे म्हातारी माणसं आणि पोरं.

एका संध्याकाळी वस्तीवरचे नाना आले. बरोबर चार-पाच जण.

“मेजर, तुमच्या बंदुकीला बॅटरी बांधा. तुम्ही म्होरं व्हा, आम्ही मागं फावडी घिऊन येतो.”

“नाना, बॅटरी बंदुकीला बांधली तर ज्याच्या तोंडावर उजेड पाडीन त्याच्या तोंडावर नळी. उसात काय हाललं म्हणून बघीन, आन तिथं तुमचा नातू असला तर?”

“नातू कशाला येतोय राती?”

“तुमी आलात तर त्योबी येईल. चहा घिऊन.”

नानांना ते पटलं की राग आला ते कळलं नाही. पण मी बांधली नाही. एक तर लायसन म्हणजे बिबट्या मारायचा परवाना नव्हे. १९७२च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीतला. माणसाच्या जिवावर उठलेला आणि पकडता, बेशुद्ध करता न येणारा आहे अशी खात्री झाल्यावर मुख्य वन्यजीव रक्षकाला लेखी हुकूम द्यावा लागतो, तोही नेमलेल्या माणसांना. बँकेच्या गनमॅनला नाही. दुसरं म्हणजे उजेडात चमकणारे डोळे. बिबट्याचे चमकतात तसेच कुत्र्याचे चमकतात, शेळीचे, गाईच्या वासराचे, मांजराचे चमकतात. माणसाचे तसे चमकत नाहीत, म्हणजे अंधारात ज्याला सगळ्यात जपायचं तोच सगळ्यात उशिरा दिसतो. त्या दिवसांत प्रत्येक बांधावर दोन डोळे दिसत होते. भीतीने हात कापणाऱ्या माणसाच्या हातात उजेड आणि गोळी एकाच दिशेने द्यायची म्हणजे आगीत तेल.

मग केलं काय? दोन दिवस माझ्या ओट्यावर कोतच उघडलं. जुन्या खाटांची नवार गोळा केली. बाजारतळाजवळ ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्याकडे बसून तिचे पट्टे शिवून घेतले. टोकाला चौकोन आणि त्यात फुली, अशी शिवण, कारण नुसती आडवी शिवण ओढीला उसवते. एक पट्टा छातीवरून आडवा, त्यात चार्जिंगची बॅटरी उजेड पुढच्या बाजूला येईल अशी अडकवलेली. ज्यांना मिळाले त्यांनी डोक्याचे दिवे घेतले. दोन्ही हात फावड्याला मोकळे. दारं मोडताना आणि बांधताना माणूस वाकतो, आणि वाकलेला, एकटा, अंधारातला माणूस चौपायासारखा दिसतो हे वनखात्याचे लोक सांगतच होते. म्हणून चौघांनी जायचं. दोघांनी पाण्याचं बघायचं, दोघांनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं, लांब वेळूला बांधलेली मोठी बॅटरी डोक्याच्या वर धरून. वरून पडलेल्या उजेडात सावल्या लहान पडतात आणि बांधाच्या पलीकडचं दिसतं. वेळूला बॅटरी बांधायला सायकलच्या ट्यूबची कापं. मोबाइलवर गाणी मोठ्याने. माझी बंदूक घरात, कपाटात.

एक वकील भेटले, म्हणाले, मेजर, तुम्ही पोकळ काठ्या दिल्या लोकांना. मी म्हटलं, साहेब, पोकळ काठीने कुणाचा नातू मरत नाही. त्यांना ते फारसं आवडलं नाही. बंदूक असलेल्या माणसाने ती बाहेर काढावी ही लोकांची अपेक्षा असते, आणि मला ती समजते. मीही त्या दिवसांत झोपताना किल्ली उशाखाली ठेवत होतो.

बिबट्या पुढे करमाळा तालुक्यात गेला, तिथेही माणसं गेली, आणि १८ डिसेंबर २०२०ला वांगीच्या परिसरात त्याला गोळी घालून मारण्यात आलं. गोळी घालणारे अकलूजचे डॉ. धवलसिंह मोहिते पाटील, वनखात्याच्या मोहिमेतले. बातमी आली तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. रात्रीची लाइट मात्र रात्रीचीच राहिली.

छातीवरचे पट्टे अजून काही जणांकडे आहेत. नाना आता रात्री पाण्याला जात नाहीत, त्यांचा नातू जातो, डोक्याला दिवा लावून. हाच नातू आता भरतीची तयारी करतोय. परवा छऱ्याची बंदूक घेऊन आला, ऑनलाइन मागवलेली. तिच्यावर बसवायला एक दिवा, लाल बटणाचा, क्लॅम्पसकट. आणि पट्टा नव्हताच.

“दिवा कशाला?” मी विचारलं.

“भारी दिसतो.”

त्याला सीटवाल्याकडे घेऊन गेलो. नवारीचा पट्टा शिवला, त्याच्या दंडाच्या मापाने, बक्कल येतं तिथे आतून मार्करची रेघ. पालथं पडायला लावलं, तिथेच दुकानाच्या फरशीवर, येणारे-जाणारे बघत असताना. दंड फेऱ्यात, पंजा पुढे. दिव्याचं खोकं त्याने दोनदा पुढे सरकवलं. मी म्हटलं, आधी महिनाभर पट्ट्यावर छरे मार, कागद दाखव, मग बघू.